जयाची पाळत

नवरा गेल्यापासून कांताची झोप उडाली होती. नागपूरच्या पोस्टातली नोकरी तिने कशीबशी पुरी केली. निवृत्त झाली आणि घर खायला उठलं. मुलगी काजल पुण्याला. त्यामुळे जयाचा फोन आला तेव्हा तिला बरं वाटलं. "आमच्या तळेगावले ये. संत्र्याचा बगीचा हाये, मोकळी हवा हाये. चांगला आराम करजो." वर्ध्याच्या वसतिगृहात दोघी एकाच खोलीत राहिल्या होत्या. तेव्हापासूनची मैत्री.

पण आल्या दिवसापासून कांताला काहीतरी खटकत होतं.

तिला दिलेल्या खोलीला आतून कडी नव्हती. दारावर स्क्रूची भोकं मात्र ताजी होती. तिच्या झोपेच्या गोळ्या जयाने स्वतःकडे ठेवून घेतल्या. "तू विसरशील, मी देत जाईन." कांता बगीच्याकडे वळली की जया परातीतली कणीक तशीच टाकून मागे येई. जयाचे यजमान रूपराव अंगणात फोनवर बोलत असले, की तिला पाहून एकदम पावसापाण्याचं बोलू लागत.

एका दुपारी जयाचा फोन ओट्यावर वाजला. कांताने डोकावून पाहिलं, तर काजलचं नाव! जया तो घेऊन घाईघाईने गोठ्यात गेली. कांता दाराआडून बघत राहिली. पोरीने आपल्याला इथे कायमचं तर टाकलं नाही? नागपूरच्या घराचं तिकडे काय चाललंय? आणि जया तिला सामील?

ती तडक बगीच्यातून सडकेकडे निघाली. संत्र्याच्या ओळी ओलांडून विहिरीशी पोचते न पोचते, तोच मागून धापा टाकत जया आली आणि तिने कांताचा दंड गच्च धरला.

"सोड! माह्यावर पाळत काऊन ठेवून राह्यली तू? पोरीनं काय सांगितलं तुले?"

जयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू तिले फोनवर म्हटलं, आता माह्यं इथं काही काम उरलं नाई. दागिनेही वाटून टाकले तू. काजल रडत होती बिचारी. म्हणून तुले बोलावलं मी."

"मंग? तुले वाटलं मी जीव देईन?"

"नाई म्हण ना. आत्ता म्हण, मी लगेच सोडतो तुह्या मागं फिरणं."

कांताने विहिरीकडे पाहिलं. ज्या गोष्टीचं नाव तिने मनातही घेतलं नव्हतं, ती जयाने ओळखली होती. कांता बांधावर बसली. जयाही शेजारी बसली, दंड न सोडता.

"रोज सकाळी उठलं की वाटते, काऊन उठलो," कांता हळूच म्हणाली. "कोणाले सांगू?"

"मले सांग ना वं."

मग ती बोलत राहिली. जयाने मध्ये एकदाही समजूत घातली नाही. रूपराव शोधत आले, दोघींना पाहून परत फिरले.

घरी आल्यावर कांताने स्वतः काजलला फोन लावला. दोघी आधी भांडल्या, मग रडल्या. सोमवारी जया तिला वर्ध्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. आत जाताना कांता दारात थांबली.

"तू पण चाल आत."

"मी कायले?"

"मी काही लपवलं तर तू सांगशील."

जयाने पदर खोचला आणि तिच्याआधी आत शिरली.