तोफेचा मान

कॉलेजात तिला सगळे तोफ म्हणत. हे नाव एका वार्ताहराने दिलं होतं. त्याच बातमीत तिचं खरं नाव चुकीचं छापलं होतं, त्यामुळे तोफ तेवढी टिकली. सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकते, आणि तोफेचा चेंडू बॅटजवळ येता येता वर उसळतो अशी ख्याती होती. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकाबाईंनी एकदा फळ्यावर आकृती काढून दाखवलं, की तो वरबिर काही जात नाही. बघणाऱ्याच्या अंदाजापेक्षा कमी खाली येतो, इतकंच. तोफेने आकृती उतरवून घेतली, परीक्षेत तिचे गुणही मिळवले, आणि चेंडू वर जातो असंच सगळ्यांना सांगत राहिली.

पुढची कारकीर्दही त्या आकृतीबरहुकूम झाली. काही वर्षं विद्यापीठाचा संघ, मग एका कारखान्याचा. खांदा कुरकुरू लागला त्याच सुमारास कारखान्याने संघ मोडला आणि तोफ मुलींच्या कॉलेजात प्रशिक्षक झाली. वर गेली नाही, पण लोकांच्या अंदाजापेक्षा कमी खाली आली.

प्रशिक्षकाच्या कामात तिचा सगळ्यात लाडका भाग म्हणजे फटक्यांचा सराव. त्यात प्रशिक्षकाने मुलींना मारता येतील असे चेंडू टाकायचे असतात. ही अट तोफेने कधी मनावर घेतली नाही. कॉलेजने चेंडू फेकणारं यंत्र आणलं होतं. "यंत्राला डोकं नसतं," म्हणून तिने ते सामानाच्या खोलीत लोटलं होतं आणि मुली त्यावर मोजे वाळत घालत. रोज संध्याकाळी तोफ स्वतः टाकायची, मुली एकामागून एक हवेत बॅट फिरवायच्या, आणि तोफ खांदा चोळत, पण तरंगत घरी जायची.

अडचण एकच होती. या मोसमात संघाने एकही धाव काढली नव्हती.

"जिंका असं मी म्हणतच नाही, मॅडम," प्राचार्य म्हणाले. त्यांच्या खिडकीतून मैदान दिसायचं, आणि बोलता बोलता ते मनातल्या मनात तिथे गाड्या उभ्या करत असावेत. "शनिवारी एक रन काढा. एक! समितीला मी काहीतरी सांगायला नको? नाहीतर पुढच्या वर्षी तिथे पार्किंग. आणि तुमचं... बघू, ग्रंथालयात कुणीतरी हवंच आहे."

त्या संध्याकाळी भांडी विसळताना तोफेने भाचीला आपला निर्णय सांगितला. भाची कॉलेजसाठी तिच्याकडेच राहायची आणि संघात नवी होती. मैदानावर ती हिला मॅडम म्हणे, घरी मावशी.

"चूक माझीच आहे," तोफ गंभीरपणे म्हणाली. "मी फार अवघड टाकते. पोरींचा धीर खचला. उद्यापासून हात हलका ठेवीन. एवढा त्याग करायलाच हवा."

भाचीला पाणी पिता पिता ठसका लागला.

"हसायला काय झालं?"

"काही नाही."

"बोल."

"तू रागावशील."

"नाही रागावणार."

"असं म्हणून मगच रागावतेस." भाचीने पेला खाली ठेवला. "तुझा बॉल आम्ही मुद्दाम चुकवतो गं, मावशी."

नळ तसाच वाहत राहिला.

"पहिल्याच दिवशी सीनियर ताईंनी बजावलं, मॅडमचा बॉल मारायचा नाही. त्यांना त्यांच्या आधीच्या ताईंनी सांगितलेलं. मागे कुणीतरी मारला, तर तू अख्ख्या टीमला मैदानाला चकरा मारायला लावल्यास."

"तिचे पाय हलत नव्हते म्हणून."

"तिने बॉल भिंतीपलीकडे टाकला होता. पाय कशाला हलवेल?"

तोफेने धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला. "म्हणजे, मारता येतो माझा बॉल?"

"डोळे मिटून नाही," भाची समजुतीच्या सुरात म्हणाली. "पण येतो."

"मग मॅचमध्ये काय होतं तुम्हाला?"

"सवय झालीये. मारायचं म्हटलं तरी बॅट आपोआप चेंडूखालून जाते."

भाची बढाया मारत असेल, या आशेवर तोफेने दुसरा दिवस संध्याकाळपर्यंत काढला. मग मैदानावर तिने सांगितलं, "आज खरं मारायचं," आणि भाचीला अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून चेंडू टाकला. कडक आवाज झाला. चेंडू तोफेच्या डोक्यावरून भिंतीपलीकडे गेला.

कॅप्टनने ग्लव्ह काढून खाली ठेवला आणि मुकाट्याने चकरा मारायला सुरुवात केली. तिच्यामागे सगळ्या. भाचीसुद्धा.

आपल्याभोवती गोल पळणाऱ्या त्या शहाण्या पोरींकडे बघताना, ही आपण दिलेली एकुलती एक शिकवण, हे तोफेच्या ध्यानात आलं.

"थांबा!" ती ओरडली. "आजपासून चकरा माझ्या. जितके फटके, तितक्या."

"पण मॅडम, तुमचा खांदा..." कॅप्टन म्हणाली.

"चकरा काय मी खांद्यावर मारणारे?"

सुरुवातीला फटके भीतभीत आले. मग पोरींना गोडी लागली. शुक्रवारी तर तोफ गाड्यावर घालूनच घरी न्यावी लागणार, अशी चिन्हं होती.

शनिवारी समोरच्या संघाने यथेच्छ धावा काढल्या. यांच्या बॅटी पुन्हा चेंडूखालून जाऊ लागल्या. शेवटच्या डावात कॅप्टन कशीबशी तिसऱ्या बेसपर्यंत पोचली आणि भाची खेळायला आली. तिने मारलेला चेंडू पिचरच्या बाजूने सणसणत गेला, आणि भाची जागच्या जागी उभी राहून बाकाकडे बघू लागली: मॅडम रागावल्या का?

"पळ गं भवाने!" मॅडम राहिल्या बाजूला, मावशीच किंचाळली.

भाची पळाली, कॅप्टन तिसऱ्या बेसवरून होम बेसला पोचली. एक धाव. सामना अर्थातच हरल्या. प्राचार्यांनी सूचनाफलकावर तो 'एक' स्वतः लिहिला, त्याखाली रेघ ओढली, आणि म्हणाले, "पार्किंगचं नंतर बघू."

सोमवारी तोफेने मोजे बाजूला करून यंत्र बाहेर काढलं. पोरींना आता खरा सराव मिळायला हवा होता. थोडेसे चेंडू खेळून कॅप्टन तिच्याकडे आली.

"मॅडम, हे नको. फार जोरात येतं. तुमचाच बरा होता."

तोफेला वाईट वाटणार होतं, पण आधी बरं वाटलं. तिने यंत्र बंद केलं, खांदा चोळला आणि चेंडू हातात घेतला.

"जपून हं," ती म्हणाली. "वर उसळतो."

"हो मॅडम," कॅप्टन आदराने म्हणाली, आणि भिंतीवर नजर लावून उभी राहिली.