कुलपाचं झाकण

मित्रांनो, मी बोरी बुद्रुकची एक जुनी पिकअप आहे. एके काळी पांढरी होते म्हणतात, आता माझा रंग ज्याचा त्याने ठरवावा. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी गोड आवाजात सांगावी, असा रिवाज आहे. मला ते जमणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा अंगावर साधा ओरखडा नव्हता. मला विकत घेतलं ते धर्माजीआण्णांनी. त्यांनी मला आधी ओझरच्या विघ्नहरासमोर उभं केलं, हार घातला, पेढे वाटले. कौतुक झालं आणि दुसऱ्या दिवशी कामाला जुंपलं. टोमॅटो, कांदा, खताच्या गोण्या, लग्नाची वऱ्हाडं, एकदा तर व्यायला झालेली म्हैस! अकरा वर्षं मी राबले आणि अकरा वर्षं मला चालवलं ते यमाजीने.

यमाजीचा बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरला. यमाजीच्या वाट्याला मी आले, आणि त्याने मला जनावरासारखंच जपलं. हवा, तेल, पाणी बघितल्याशिवाय त्याने कधी चावी फिरवली नाही. माझं कुठे खुट्ट वाजलं तरी त्याचे कान टवकारायचे.

यंदा मात्र आण्णांना हाव सुटली. जिथे साठ क्रेट टोमॅटो जायचे, तिथे नव्वद भरू लागले. ओझं वाढलं की डिझेल जास्त लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आण्णांना कळलं नाही. त्यांना वाटलं, यमाजी डिझेल काढून विकतो. विचारलं नाही, तपासलं नाही. भंगारवाल्याकडून कुलपाचं झाकण आणून माझ्या टाकीला बसवलं. ते सैल होतं, म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून आवळलं. झाकणाला एक बारीक भोक होतं, तेही एम-सीलने बुजवलं. चावी गेली आण्णांच्या खिशात.

मित्रांनो, ते भोक उगाच नव्हतं. टाकीतलं डिझेल जसजसं कमी होतं, तसतशी तिथून हवा आत येते. हवा आली नाही तर इंजिनाला डिझेल ओढता येत नाही. प्लास्टिकच्या बाटलीला तोंड घट्ट लावून पाणी ओढून बघा, बाटलीच आत जाते. माझं तेच झालं. नारायणगावच्या अलीकडे आचके दिले आणि भर रस्त्यात बंद पडले. अर्ध्या तासाने कुठूनतरी थोडी हवा झिरपली आणि मी पुन्हा सुरू झाले. मग हे रोजचंच झालं.

मी बंद पडायचे तेव्हा इंजिन तापलेलं असायचं. त्यामुळे सगळ्यांनी एकच धोशा लावला, ‘गरम झाली की बंद पडते.’ भरत मिस्त्रीने रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, फिल्टर बदलला, पंप खोलला. झाकणाकडे कोणी बघितलं नाही. ते आण्णाच उघडायचे, तेही सकाळी, मी रात्रभर उभी राहिल्यावर. तोवर आत हवा झिरपून गेलेली असायची. मला सगळं कळत होतं, पण तोंड नव्हतं. आण्णा मला लाथा मारत होते. ज्या चाकांवर त्यांचा संसार चालला, त्याच चाकांना!

मग लाथेची जागा जिभेने घेतली. आण्णांनी गावभर सांगितलं, की चोरी लपवायला यमाजीने डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं. टाकीची चावी आपल्याच खिशात असते, हे मात्र सांगितलं नाही. एका रविवारी भैरवनाथाच्या देवळासमोर, चारचौघांत, त्यांनी यमाजीला अडवलं.

“खरा असशील तर उचल बेलभंडारा!”

यमाजीची बायको सुंदरा पुढे झाली. “न केलेल्या चोरीची शपथ कशापायी? उचलायचा न्हाई!”

यमाजी शांतपणे म्हणाला, “आण्णा, आदी गाडी बघू. देव कुठं पळून चाललाय?”

यमाजीने मला चालवायला घेतलं. आण्णा त्याच्याशेजारी बसले, भरत मिस्त्री आणि सुंदरा मागे हौद्यात, आणि गंमत बघायला दहा-बारा मोटरसायकली. ओझरच्या रस्त्यावर मी ठरल्या वेळी बंद पडले. यमाजीने बॉनेट उघडलं. पंपावर, नळीवर ओली गोणी टाकून सगळं गार केलं.

“हात लावा, आण्णा. गार हाय ना?” त्याने चावी फिरवली. मी नुसती घरघरले. “म्हंजी दोष गरमीचा न्हाई. तेल येत न्हाई. टाकी उघडा.”

“चोराला टाकी उघडून देऊ व्हय?”

“तुमीच उघडा. मी लांब थांबतो.” यमाजी खरंच वीस पावलं लांब जाऊन उभा राहिला.

आण्णांनी कुलूप काढलं, झाकण फिरवलं. कोंडलेली टाकी ‘सूंऽऽ’ करून अशी हवा आत ओढू लागली, की मोटरसायकलवाल्यांनीही माना वळवल्या. भरत मिस्त्रीने झाकण हातात घेऊन उलटसुलट बघितलं. “भोकावर ह्ये कुनी लावलं?”

आण्णांनी चावी खिशात टाकली. यमाजीने परत येऊन हाताने पंप मारून डिझेल वर ओढलं, माझी चावी फिरवली आणि मी एका दमात सुरू झाले.

“बरं झालं, सापडलं एकदाचं,” आण्णा म्हणाले. “उद्या लवकर ये, माल लई हाय.”

“आदी समद्यांम्होरं म्हना, यमाजीनं डिझेल न्हाई चोरलं.”

“झालं की आता! किती ताणतो राव?”

यमाजी खाली उतरला. नवरा-बायको उन्हातून पायी बोरीकडे निघाली. आण्णांनी मला त्यांच्या शेजारून नेलं, दोनदा हॉर्न दिला. दोघांनी मान वर केली नाही. मला त्या हॉर्नची लाज वाटली.

आता माझ्या झाकणाला भोक आहे. मी दिवसभर तापले तरी बंद पडत नाही. पण मला चालवायला गावात कोणी तयार नाही. आण्णा स्वतः चालवतात आणि गिअर टाकताना माझी हाडं मोडतात.

मित्रांनो, यंत्र बिघडलं तर आधी आठवून बघा, आपण त्याला शेवटचा हात कुठे लावला होता. आणि माणसाला नाही ते बोललात, तर जेवढ्या लोकांत बोललात, तेवढ्याच लोकांत ते मागे घ्या. मला बरं करायला खिळ्याएवढं भोक पुरलं. यमाजीला चार शब्द हवे होते. ते आण्णांच्या तोंडून अजून निघालेले नाहीत.