मानेरावांच्या टेपचं शेपूट

मुलीने पाठवलेली क्लिप आली तेव्हा तो शर्टाला बटण लावत बसला होता. हे काम बायको गेल्यापासून त्याच्याकडे आलं होतं आणि अजून काही हातात बसलं नव्हतं. क्लिपखाली मुलीने लिहिलं होतं, "बाबा, हे आईचं आहे का?"

पडद्यावर एक शहामृग होतं. कापडाचं, लांबलचक मानेचं. डोक्यावर स्टेशनमास्तरची टोपी, गळ्यात शिट्टी, मागे रंगवलेलं रेल्वे स्टेशन. शहामृग घड्याळाकडे बघायचं, रुळांकडे बघायचं आणि समोरच्या प्रवाशाला भरदार पुरुषी आवाजात सांगायचं, "आता येईल हो गाडी. आली नाही म्हणजे येतच असणार!"

त्याने सुई बाजूला ठेवली. ती मान म्हणजे त्याच्या बायकोचा उजवा हात होता.

कार्यक्रमाचं नाव 'आता गाडी येईल'. फार जुना, मुलांसाठीचा, संध्याकाळी पाचचा. त्या स्टेशनात गाडी कधीच यायची नाही. प्रवासी तेवढे यायचे. छत्री विसरलेला उंट, सगळं घरदार पेटीत भरून निघालेली खार, तिकीट खाऊन टाकलेली बकरी. त्या सगळ्यांची समजूत घालणारे स्टेशनमास्तर म्हणजे हे शहामृग, मानेराव. बायको टेबलाखाली चाकांच्या बुटक्या स्टुलावर बसायची, हात वर घालून. डाव्या हातात पंखांच्या दोऱ्या. वर काय चाललंय ते दिसावं म्हणून जमिनीवर एक छोटा टीव्ही. आवाज मात्र कार्यक्रम बसवणाऱ्या मोठ्या साहेबांचा. ते बाजूला माईकपाशी बसून बोलायचे आणि ती त्यावर चोच उघडमीट करायची. टेबलाखाली तिच्याशिवाय एकच माणूस, प्रवासी चालवणारा एक जाड्या. तो बसला की तिला पाय लांब करायला जागा राहायची नाही, असं ती सांगायची.

त्याने स्वतः तो कार्यक्रम कधी पाहिलाच नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पाच वाजता तो कुठल्या तरी इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत असायचा. एकदा बघू, एकदा बघू म्हणता म्हणता कार्यक्रम बंद झाला. मुलगी तर त्यानंतर जन्मली. मानेराव त्याला माहीत होते ते फक्त खांद्यावरून. संध्याकाळी ती खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "अहो, मानेरावांची मान चोळून द्या हो जरा." तो चोळून द्यायचा, आणि ती दिवसभरातली एकेक गंमत सांगायची.

त्याने क्लिप पुन्हा लावली. उंट म्हणत होता, मी छत्री आणलीच नव्हती. मानेरावांची मान आधी थोडी मागे गेली, थांबली, मग हळूच तिरकी झाली. त्याला हसूच फुटलं. दुकानदाराने वजनात हात मारला की ती अस्संच करायची. तेव्हा मान तिची स्वतःची असायची, एवढाच काय तो फरक.

"आईच आहे," त्याने मुलीला फोनवर सांगितलं. "आणखी आहेत का गं असल्या?"

"ढीगभर आहेत बाबा. या लोकांचा एक ग्रुपच आहे. मोठमोठी माणसं आहेत, पण मानेराव म्हटलं की पार खुळी होतात. घालू का तुम्हाला त्यात?"

"घाल."

ग्रुपचं नाव होतं 'फलाटावरची मंडळी'. त्यांनी लहानपणी तो कार्यक्रम पाहिला होता आणि आता कुठून कुठून जुन्या टेपा शोधून त्यातले तुकडे ते इंटरनेटवर टाकायचे. एकाने त्या स्टेशनचा नकाशा काढला होता, ज्या भागात कॅमेरा कधी गेलाच नाही त्या भागासकट. मानेरावांची मान म्हणजे ज्यांचा हात, त्या बाईंचे यजमान आलेत म्हटल्यावर ग्रुपात नुसता कल्ला झाला.

"काका, शिंकायच्या आधी मानेराव नेहमी खाली का बघतात? रुळांत त्यांची अंगठी हरवलीय असं आमच्यातले निम्मे लोक मानतात."

त्याने एका बोटाने शोधत शोधत उत्तर लिहिलं. "शिंक जोरात द्यायची असली की हात एकदम वर जायचा आणि कोपर दिसायचं. म्हणून ती आधी हात खाली घ्यायची. खांदा चोळताना सांगितलं होतं."

"म्हणजे अंगठी नाहीच?"

"नाही."

"काका, अर्धा ग्रुप रडतोय."

त्याला मजा वाटायला लागली. सकाळचा चहा झाला की तो क्लिपा बघायला बसायचा. डोळ्यांत तेल घालून बघायचा. हळूहळू त्याला कळायला लागलं, इथे हात दुखतोय, इथे तिला साहेबांचा विनोद आवडलेला नाही, इथे ती खाली हसतेय, कारण मान उगाच हलतेय. पण चोच उघडली की बाहेर यायचा तो त्या साहेबांचा घोगरा आवाज. हात बायकोचा आणि आवाज परक्या पुरुषाचा. दर वेळी त्याच्या कपाळाला आठी पडायची.

आणि खरी गोम तिथेच होती. तिचा आवाज त्याच्याकडे नव्हता. फोटो कपाटभर होते. लग्नाच्या कॅसेटवर छायाचित्रकाराने पहिल्यापासून शेवटपर्यंत बँड वाजवून ठेवला होता. फोनमध्ये पाहावं, तर एका घरात राहणारी दोन माणसं एकमेकांना बोलून कशाला काय पाठवतील? मुलीकडेही तिचे नुसते लिहिलेले निरोप होते. आणि अलीकडे त्याच्या लक्षात येत होतं की तिची वाक्यं त्याला आठवतात, पण ती त्याच्या स्वतःच्या आवाजात. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय सांगणार?

एका क्लिपची सुरुवात जरा उशिरा कापलेली, की लवकर, कोण जाणे. मानेराव अजून पुरते वर आलेले नव्हते आणि त्या निमिषभरात एक आवाज होता. "...ला." बस्स, एवढाच. मग शिट्टी, मग साहेब. तो 'ला' बाईमाणसाचा होता.

त्याने तो तुकडा इतक्यांदा लावला की फोन तापला. मग ग्रुपात विचारलं, "याच्या आधी काय आहे?"

उत्तर दातांच्या डॉक्टरबाईंचं आलं. बहुतेक टेपा त्यांच्याकडेच होत्या. भंगारवाल्याकडून त्यांनी एक खोकंच्या खोकं उचललं होतं. "काका, आधी आणि नंतर कचरा असतो. रंगीत पट्ट्या, कुणी आकडे मोजतंय, कुणी खोकतंय. आम्ही तो कापून टाकतो. लोकांना मानेराव हवे असतात."

त्याने लिहिलं, "मला कचरा हवा आहे."

मग डॉक्टरबाईंचा फोनच आला.

"काका, न कापलेली नक्कल मी ठेवली नाही हो. पुसून टाकली. मूळ टेप आहे, पण तिची अवस्था वाईट आहे. चिकट झालीय. एकदा चालली तेव्हाच कशीबशी चालली. परत लावली तर कदाचित ती शेवटचीच. आणि ग्रुपात काही लोक म्हणतायत की चांगलं यंत्र मिळेपर्यंत थांबावं, हात लावू नये."

"कधी मिळेल ते यंत्र?"

"तेच तर. कुणालाच माहीत नाही."

तो म्हणाला, "डॉक्टर, टेप तुमची. मी हट्ट करणार नाही. पण त्यात माझ्या बायकोचा आवाज असेल. माझ्याकडे दुसरा नाही."

पलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या, "रविवारी दवाखाना बंद असतो. या. लेकीलाही आणा. ग्रुपाला मी बघून घेते. आरडाओरडा ऐकायची मला सवय आहे."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एका टेबलावर जबड्यांचे साचे मांडलेले होते आणि त्यांच्या शेजारी टेप चालवायचं करड्या रंगाचं अवजड यंत्र. कोपऱ्यात फळं सुकवायची मशीन घरघरत होती. डॉक्टरबाईंनी तिचं झाकण उघडलं आणि आतून टेप काढली.

"फळं कुठे गेली?" मुलीने विचारलं.

"घरचेही हेच विचारतात. टेप मंद आचेवर ठेवली की चिकटपणा थोडा जातो. काल सकाळपासून शेकतेय." त्यांनी टेप यंत्रात सरकवली. "नक्कल आपोआप होत राहील. तुम्ही फक्त ऐका."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. मुलीने त्याची बाही धरली, लहानपणी दाताच्या डॉक्टरकडे धरायची तशी.

रंगीत पट्ट्या आल्या. मग रिकामं स्टेशन. घड्याळ, बाक, तिकीटखिडकी. मान नव्हती. कुठून तरी पुरुषाचा आवाज आला, "काय झालं? वर या."

आणि टेबलाखालून एक मुलगी म्हणाली, "थांबा हो! जाड्यानं पाय ठेवलाय माझ्या स्टुलावर. अरे काढ ना, हत्ती कुठला!"

हशा पिकला. ती मुलगी सगळ्यात मोठ्याने हसली. बारीक, उंच, खळाळता आवाज. "मी नाही ठेवला," जाड्या म्हणाला. "मग काय उंटानं ठेवला?" ती म्हणाली. "बरं झालं, चला." शिट्टी वाजली आणि मान झपकन वर आली.

डॉक्टरबाईंनी हसत त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"बाबा?" मुलगी हळूच म्हणाली. "ही आई आहे?"

"तीच असणार," तो म्हणाला. "खाली दुसरी बाई नव्हतीच."

"असणार म्हणजे?"

तो पडद्याकडेच बघत राहिला. टेपवरची तारीख लग्नाच्या आधीची होती. टेबलाखालची ती मुलगी त्याला आवडली, तिच्याशी ओळख करून घ्यावीशी वाटली. पण तिचा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. इतका जीव टांगून ठेवला आणि हाती आली ती कुणीतरी परकी पोरगी.

पुढे नेहमीचं चालू झालं. उंट, छत्री, साहेबांचा घोगरा आवाज. हे सगळं त्याला पाठ होतं. मध्येच यंत्रातून किरर्र असा आवाज यायला लागला. चित्रावर पांढऱ्या रेघा पडल्या.

"पट्टा ओरडतोय की टेप?" त्याने विचारलं.

"टेप. घासतेय." डॉक्टरबाई वाकून बघत होत्या. "काका, उंट गेला की संपलंच. मी तिथेच बंद करते. गेल्या वेळीही तिथेच थांबवली होती. पुढे ताणली तर तुटेल."

"पुढे आहे का पण काही?"

"मी कधी बघितलंच नाही."

उंट निघून गेला. मानेरावांनी रिकाम्या रुळांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, प्रेक्षकांकडे बघून मान हलवली. संगीत वाजलं. डॉक्टरबाईंचं बोट बटणावर गेलं.

"राहू द्या," तो म्हणाला.

"काका, तुटली तर..."

"डॉक्टर, राहू द्या. तुटली तर मी ग्रुपाच्या शिव्या खाईन."

त्यांनी बोट उचललं. संगीत थांबलं. कुणीतरी "झालं" म्हणालं आणि मानेरावांची मान धप्पकन टेबलावर आडवी पडली, टोपी घरंगळली. यंत्र किंचाळत होतं. चित्रात एक हात पाण्याचा पेला घेऊन आला आणि गमतीने मानेरावांच्या चोचीला लावू लागला. लोक हसले.

टेबलाखालून आवाज आला, खालच्या पट्टीतला, दमलेला, शब्दाशब्दाला टेकत येणारा. "अहो, त्याला नका पाजू. तो काही करत नाही. मला द्या. सगळं मीच करतेय ना."

मुलीने त्याची बाही सोडली आणि तोंडावर हात घेतला. "आई," ती म्हणाली. "दुकानातून आल्यावरची आई."

तो मान डोलवत राहिला. कार्यक्रम बंद झाल्यावर ती चपलांच्या दुकानात लागली. रोज संध्याकाळी घरी येऊन दारातच पिशवी ठेवायची आणि अशीच बोलायची, जणू वाक्याला धरून धरून जिना चढतेय. दमलेली नसायची तेव्हाचा तिचा आवाज किती वेळा बदलला असेल, पण दमलेला आवाज मात्र हा एकच होता. बाविसाव्या वर्षीही हाच.

पडद्यावर तो हात पेला घेऊन टेबलाखाली गेला. मग टेप खाडकन थांबली आणि पडदा निळा झाला.

डॉक्टरबाईंनी यंत्राचं झाकण उघडलं. आत टेपचा गोळा झाला होता. त्यांनी चिमट्याने एक टोक उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. "ही गेली. पण नक्कल पूर्ण झालीय, काका. शेवटपर्यंत." मग त्यांनी आणखी काही न विचारता तेवढाच तुकडा पुन्हा लावून दिला. मग परत एकदा. 'सगळं मीच करतेय ना' आलं की मुलगी रडता रडता हसायची आणि म्हणायची, "अजून लावा."

"पाणी दिलं कुणी हो तिला?" त्याने मध्येच विचारलं. "हात कुणाचा तो?"

"काय माहीत. ग्रुपाला विचारू. नकाशावाला आठवडाभर जेवणार नाही."

"विचारा. आणि ते शेपूट पण टाका वर, मानेरावांबरोबरच. कापू नका."

"तुमची हरकत नाही ना?"

"तिनंच म्हटलंय ना, सगळं मीच करतेय. कळू दे लोकांना."

डॉक्टरबाई उठल्या आणि त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनचं झाकण पुन्हा उघडलं. आत खालच्या ताटलीत आणखी एक टेप होती. "ही बकरीची. हिला अजून जरा शेकायला हवं. पण आधीच सांगते काका, हिला शेपूट असेलच असं नाही. नसेल तर माझ्यावर रागवायचं नाही."

त्याने खुर्ची मशीनजवळ ओढून घेतली.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं. "आम्हाला आज काही काम नाही."