तिसरा धबधबा

आमच्या कंपनीत कुणी कुणाला नाही म्हणत नाही. "बघू", "विचार करू", "कल्पना छान आहे, पण" यांतल्या प्रत्येकाचा अर्थ नाही असाच असतो आणि त्यातलं सगळ्यांत पक्कं नाही म्हणजे "अवघड आहे". ते ऐकलं की शहाण्या माणसानं कागद आवरायचे आणि वाकून नमस्कार करून निघायचं. क्योतोची रीतच आहे ही. आमच्याकडे पाहुण्याला "थोडा चहाभात घेता का?" असं विचारलं की पाहुणा चपला शोधायला लागतो.

मी मिवा उराकामी. जन्म क्योतोचा, नोकरी क्योतोतल्याच व्हिडिओ गेम काढणाऱ्या अमागासा कंपनीत, आणि आयुष्यभराचं काम एक पाणमांजर. गेन्ता त्याचं नाव. नदीतून पोहत, धबधबे चढत उगमापर्यंत जाणारं हे पाणमांजर खेळत जपानमधली एक अख्खी पिढी मोठी झाली. आमच्या खऱ्या नद्यांमधली पाणमांजरं कधीच नाहीशी झाली आहेत, पडद्यावरचं तेवढं उरलं होतं. पण त्याचा शेवटचा भाग आला तेव्हा माझी मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि आता ती नोकरी करते. मधल्या काळात टोकियोच्या रेक्का कंपनीचे टीव्हीला जोडून खेळायचे कन्सोल घरोघरी गेले आणि आम्ही आपले "पूर्वी काय खेळ काढायचे हो तुम्ही" हे कौतुक ऐकत बसलो.

म्हणून 'नागी' हा आमचा नवा कन्सोल येणार असं ठरलं, तेव्हा मी हट्टच धरला. नागीबरोबर गेन्ता आला पाहिजे. आत्ता नाही तर कधीच नाही.

नमुना तयार झाला आणि अध्यक्ष नागाहारा स्वतः खेळायला आले. ते नवीनच आलेले, ओसाकाचे, जन्मभर खेळणी विकलेले. बूट काढून सरळ सतरंजीवर मांडी घालून बसले. पहिला धबधबा चढले, हसले. दुसरा चढले. तिसऱ्यावरून पडले. परत पडले. मग पडतच राहिले. शेवटी त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला, दातांमधून हवा आत ओढली आणि म्हणाले, "अवघड आहे हो हे." घड्याळ बघितलं, पुढच्या बैठकीला उशीर होत होता, बूट घातले आणि गेले.

आमचे विभागप्रमुख त्सुकामोतो डोळे मिटून बसले होते. हे गृहस्थ समोरच्याच्या नुसत्या श्वासावरून त्याच्या मनातलं ओळखतात अशी त्यांची ख्याती, आणि तिच्याच जोरावर ते वर चढले. डोळे उघडून ते म्हणाले, "उराकामी-सान, सगळ्यांनी फार छान काम केलंत."

आमच्याकडे हे वाक्य काम मेल्यावर म्हणतात.

"आपण त्यांना विचारूया ना," मी म्हणाले.

"काय विचारणार?"

"काय अवघड आहे ते."

"अहो, माणसानं इतक्या सभ्यपणे नाही म्हटलं, ते पुन्हा त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं? शोभतं का आपल्याला?"

"ते नाही कुठे म्हणाले? अवघड म्हणाले."

"तेच की!" त्सुकामोतो माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले. "आणि घड्याळ बघितलं, ते नाही पाहिलंत? म्हणजे वेळ निघून गेली. पाणमांजराचे दिवस गेले, रेक्कापुढे हे चालायचं नाही. किती सुंदर सुचवलं त्यांनी!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मीही याच गावची. वाकले आणि कागद आवरले. सगळ्यावर पाणी पडलं.

महिन्याभरात माझी माणसं पांगवली. कुणाला फोनवरच्या खेळात बसवलं, कुणाला फुटबॉलच्या. सगळ्यांत वाईट झालं इनुईचं. इनुई म्हणजे आमचं पाणी. पहिल्या भागापासून गेन्ताच्या नदीचा थेंब न् थेंब त्यानं प्रोग्रॅममध्ये लिहिला होता. तासन्‌तास कामो नदीच्या काठावर बसून पाणी बघायचा आणि भिजलेल्या बुटांनी ऑफिसात यायचा. त्याला नागीच्या मेनूची बटणं करायला दिली. असल्या माणसाला गोल बटण की चौकोनी बटण!

एक दिवस तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"रेक्काचा फोन आला होता. पाणी करणारं कुणीतरी हवंय त्यांना."

"मग? काय म्हणालास?"

"विचार करतो म्हणालो." एवढं बोलून तो तिथेच उभा. जाईना.

मी काय देणार होते त्याला? बटणं? "चांगली संधी आहे," मी म्हणाले. तो थोडा वेळ माझ्या पेनांच्या डब्याकडे बघत राहिला, मग वाकला आणि गेला. निरोपाला सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्सुकामोतोंनी भाषणसुद्धा केलं.

नागीची घोषणा झाली. जगभरातून माणसं जागी राहून इंटरनेटवर बघत होती आणि पडद्याच्या कडेला त्यांची एकच ओळ पळत होती: गेन्ता? गेन्ता? गेन्ता? आम्ही दाखवला पाव भाजण्याचा खेळ. त्यानंतर एका जुन्या खेळाला नवा रंग दिलेला. मग आभार. कडेची ओळ क्षणभर थांबली आणि मग तिथे जे काही लिहिलं गेलं ते वाचवत नव्हतं. एकानं शिवी न देता इतकंच लिहिलं होतं, "आता मी वाट बघणं सोडतो." शिव्या परवडल्या.

त्यानंतर लगेच रेक्कानं आपला नवा खेळ दाखवला. त्यात समुद्र होता. लाट काठावर यायची, जरा थबकायची आणि मगच मागे वळायची. ते थबकणं मी कुठेही ओळखलं असतं. लोक वेडे झाले. मी चरफडत पडदा बंद केला.

आणि मग तो दिवस आला. कँटीनमध्ये मी उदोनच्या शेवया खात होते. समोर ट्रे आदळला आणि अध्यक्ष येऊन बसले.

"उराकामी-सान, जरा नाराज आहे बरं का मी तुमच्यावर."

"माझं काही चुकलं का, साहेब?"

"अहो, तो धबधबा झाला का सोपा? तिसरा हो! त्या दिवशी म्हटलं नव्हतं का मी, अवघड आहे म्हणून? कितीदा आपटलो! बोटं दुखली माझी. बायकोला सांगून ठेवलंय, यंदा पाणमांजर येणार. ती रोज विचारते."

मी वाटी बाजूला सारली. "साहेब, आम्हाला वाटलं, तुम्ही नाही म्हणालात."

"मी? नाही म्हणायचं असतं तर नाहीच म्हटलं असतं की! ओसाकाचा माणूस मी, मला कुणाची चोरी आहे?"

"मग इतके महिने तुम्ही विचारलं का नाहीत?"

आता ते ओशाळले. "मला सगळ्यांनी बजावलं होतं. क्योतोची माणसं, त्यांच्या कामाची चौकशी केली की घाई करतोय असा अर्थ घेतात. घोषणेत पाणमांजर दिसलं नाही तेव्हाही म्हटलं, अजून काम चाललं असेल, कशाला दुखवा? आपण गप्प वाट बघावी." त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "करा सुरू. आजच. माणसं परत गोळा करा."

हसावं की ट्रे भिरकावावा, कळेना. मी तडक वर गेले आणि त्सुकामोतोंना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"हं. 'करा सुरू' असं म्हणाले. पण नेमक्या कोणत्या सुरात?"

"सरळ सुरात!" मी ओरडले. "सरळ माणसाच्या सरळ सुरात!"

अख्ख्या मजल्यानं माना वर केल्या. इथे आजवर कुणी ओरडलेलं नव्हतं.

जिन्यात जाऊन मी इनुईला फोन लावला. धबधब्यापासून उदोनपर्यंत सगळं सांगितलं.

"परत ये. पाणी तुझ्याशिवाय होणार नाही."

"अवघड आहे," इनुई म्हणाला.

"बरं, समजलं" हे शब्द माझ्या जिभेवर आलेसुद्धा होते. ते मी दातांखाली धरले. "काय अवघड आहे? नीट सांग."

तो म्हणाला, "सही केलीय. पुढचे तीन खेळ मी त्यांचा आहे. खरंच नाही जमणार, मिवा-सान. त्या दिवशी तुझ्या टेबलापाशी उभा होतो ना, तेव्हा हे असं विचारायला हवं होतंस. काय हवंय तुला, नीट सांग, म्हणून."

मी कपाटातून जुना नमुना काढला. मशीन चालू केलं. गेन्ता नदीत उतरला, इनुईचं पाणी त्याच्या मिशांपाशी थबकून मागे वळलं. पहिला धबधबा गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावरून मी पडले. परत चढले, परत पडले. हा धबधबा मीच आखला होता. इनुई तेव्हा म्हणाला होता, जरा सोपा कर, आणि मी ऐकलं नव्हतं.

बोटं दुखायला लागली तेव्हा कंट्रोलर खाली ठेवला.

अवघड आहे. तिसरा धबधबा खरंच अवघड आहे.