बिनमालकाचा मीटर

तळमजल्यावर लोकांचे सर्व्हर, वरच्या मजल्यावर घर, आणि घराच्या मागच्या खोलीत वहिनीची पाव-केकची विजेची भट्टी. सर्व्हर सांभाळायचा धंदा दादा आणि धाकटी या भावाबहिणीचा. गिऱ्हाइकानं आपलं यंत्र आणून कपाटात ठेवायचं. जागा, गारवा आणि वीज यांची. विजेचं बिल आलं की सगळ्या कपाटांत सारखं वाटायचं, सब घोडे बारा टक्के. कुणी बोलत नव्हतं तोवर ठीक चाललं होतं.

मग एक हिशेबतपासनीस बाई बोलल्या. त्यांचं एकच यंत्र, तेही दिवसातून तासभर चालणारं. "शेजारच्या कपाटातला कार्टून बनवणारा रात्रंदिवस यंत्र पळवतो, त्याची वीज मी का म्हणून भरू?" बाईंचं काही चूक नव्हतं. इलेक्ट्रिशियननं पहिल्यापासून प्रत्येक वायरवर मीटर बसवले होते. ते बिचारे इमानेइतबारे मोजत होते, बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. आता ते वाचून ज्याचं त्याला बिल लावणारं सॉफ्टवेअर शोधायचं काम धाकटीकडे आलं. घरातलं किचकट काम कुणाच्या गळ्यात पडतं हे काय सांगायला हवं?

तिनं दोन सॉफ्टवेअर फुकट वापरून बघायला घेतली. पहिलं स्वस्त आणि मनमिळाऊ. जी वीज कुणाच्याच नावावर नाही ती 'इतर' म्हणून सगळ्यांत वाटून मोकळं व्हायचं. दुसरं महाग आणि खाष्ट. प्रत्येक मीटरला मालक दिल्याशिवाय एक बिल काढेल तर शपथ. पहिल्याच दिवशी ते अडून बसलं, कारण एका मीटरला मालकच नव्हता.

गारव्याच्या यंत्राचा असेल असं धाकटीला वाटलं, पण त्याचा मीटर वेगळा होता. हा पहाटे उठायचा, दुपारपर्यंत दाबून वीज खायचा आणि रविवारी सुट्टी घ्यायचा. रविवारी सुट्टी घेणारा सर्व्हर तिनं काही आजवर पाहिला नव्हता. ती त्या वायरीच्या मागं मागं निघाली, आणि जिना चढून थेट वहिनीच्या भट्टीपाशी पोचली.

खाली येऊन ती म्हणाली, "दादा, एका मीटरला मालक सापडत नाही."

कुठला मीटर, हे त्यानं विचारायला हवं होतं. तो म्हणाला, "पहिलंच घेऊन टाक. स्वस्त आहे."

मग थोडं खोदल्यावर बाहेर आलं. भट्टी आली तेव्हा ती जोडायला खालची वायर त्यानंच इलेक्ट्रिशियनला दाखवली होती. "विजेचं बिल बघून तिनं पहिल्याच महिन्यात गाशा गुंडाळला असता. नंतर सांगायचं राहून गेलं. सगळ्यांत वाटलं की कुणाच्या लक्षात येतंय?"

म्हणजे कुंपणच शेत खात होतं. धाकटीला दादाचा राग आला, आणि वहिनीची दयाही आली. भट्टी ही एकच गोष्ट वहिनीनं स्वतः उभी केली होती. 'नवऱ्याच्या पैशाला हात लावला नाही, घरचं वीजबिलही मीच भरते' असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि ते तिला शोभायचं. पहिलं सॉफ्टवेअर घेतलं की अळीमिळी गुपचिळी. धाकटीनं तसा विचार केलाही, नाही असं नाही. पण महिन्याच्या महिन्याला त्या बाईंना बिल कुठल्या तोंडानं द्यायचं? ती पुन्हा जिना चढली.

वहिनी कणीक मळता मळता ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती तशाच पिठाच्या हातांनी खाली आली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्यासाठीच केलं मी," दादा म्हणाला.

"माझ्यासाठी केलंत, आणि भरलं त्या बाईंनी."

ती धाकटीच्या खुर्चीवर बसली आणि मालकाच्या रकान्यात तिनं स्वतःचं नाव घातलं. कळफलकाला पीठ लागलं.

"घरचा म्हणून निम्मा दर लाव," दादा धाकटीला म्हणाला.

"सगळ्यांचा आहे तोच लाव," वहिनी म्हणाली. "आणि हे मागचं पण मोजतं का? भट्टी आली त्या दिवसापासूनचं?"

धाकटीनं विकणाऱ्याला किंमत विचारली होती, दुरुस्तीचं विचारलं होतं, हे विचारलं नव्हतं. तिनं फोन लावला. तो म्हणाला, मीटरमध्ये जुने आकडे असतील तर मोजतं.

आकडा पडद्यावर आला. वहिनीनं तो आपल्या डोक्यातल्या कमाईतून वजा केला. वेळ लागला नाही.

"म्हणजे एकाही महिन्यात काही सुटत नव्हतं," ती म्हणाली.

दादानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं खांदा काढून घेतला.

"ज्याचं त्याला परत करून टाका. मी फेडते, हळूहळू फेडीन. हेच सॉफ्टवेअर घ्या." ती उठली. दारापाशी थांबून तिनं धाकटीला विचारलं, "केक तरी चांगला होतो ना गं माझा? का तेही असंच?"

"चांगला होतो, वहिनी. खरंच."

"खूप चांगला होतो," दादाही म्हणाला.

दादाचं तिनं हिशेबात धरलं नाही.