श्रावणाचा डबा

इंदूबाईंच्या परसात, अंबाडीच्या वाफ्यापलीकडे मधपेटी होती आणि पेटीच्या दाराला जाळी होती. जाळी उमेराच्या अब्बांनी, रहमत मेकॅनिकांनी, जुन्या कूलरच्या पत्र्याला भोकं पाडून केलेली. माशी भोकातून अंग चोरून आत शिरायची, पण मागच्या पायांना लावून आणलेल्या परागाच्या गोळ्या कडेला घासून खालच्या खणात पडायच्या. इंदूबाईंचे यजमान पंजाबराव एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी जाळीचं बारसं केलं.

"टोलनाका बसवला पोरीनं. आता माशाईले बी फुकटात घरी जाता येत नाई."

"तुमाले कोनी इचारलं?" इंदूबाई म्हणाल्या. "अभ्यास आहे तिचा."

उमेरा यवतमाळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होती. बाभुळगावच्या बाजूच्या माशा वर्षभर कोणकोणत्या झाडांचा पराग गोळा करतात, हा तिचा विषय. थंडीतली तूर आणि करडई, उन्हाळ्यातला कडुनिंब, हे तर कुणीही सांगितलं असतं. कोडं होतं ते श्रावणाचं. तेव्हा कपाशी नुसती पात्यावर, म्हणजे कळीवर असते, ज्वारी निसवून कणीस बाहेर आलेलं नसतं, आणि झडीत माशीला बाहेर पडायलाही फावत नाही. मग ती पिल्लांना काय घालते?

उमेराला दर रविवारीच येता यायचं. म्हणून तिने इंदूबाईंना काम समजावून दिलं होतं. जाळी फक्त सोमवारी लावायची, संध्याकाळी काढायची. खणातला पराग डब्यात भरून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवायचा. रविवारी उमेरा भरलेला डबा न्यायची आणि घासूनपुसून आणलेला रिकामा ठेवून जायची.

पाऊस लागल्यापासून डबे भरून आले. यवतमाळच्या घरचा फ्रीजर त्यांनी अडला. "मटन कुठे ठेवू? तुझ्या माशांच्या डोक्यावर?" अम्मी दर शुक्रवारी विचारायची. कॉलेजात मात्र तिच्या मार्गदर्शक जया मॅडम खूश होत्या. श्रावणात परागाचा आलेख खाली घसरेल असं सगळ्यांना वाटलेलं, तो घसरलाच नव्हता. मॅडमनी हे अमरावतीच्या परिषदेत मांडायचं ठरवलं. शिवाय हा पराग सकस किती, ते तपासायला एका प्रयोगशाळेत पाठवायचा होता. त्याला सगळा माल लागणार होता.

नारळी पौर्णिमेनंतर एका रविवारी उघडीप मिळाली आणि उमेराने पेटी उघडली. पावसात ती फ्रिजमधला डबा घेऊन परसात न उतरताच परतायची. तिने मधली चौकट उचलून उन्हात धरली. पोळ्यात अंडी नव्हती. अळ्या नव्हत्या. अळ्यांच्या भोवती परागाचं जे कडं असतं, तेही नव्हतं. माशा होत्या, पण थोड्या, आणि चौकटीवर अस्वस्थ पळत होत्या. ही सातेरी जातीची माशी उपाशी पेटीत फार दिवस थांबत नाही. एक दिवस सगळीच्या सगळी उठून निघून जाते.

उमेराने दाराकडे पाहिलं. जाळी लावलेलीच होती. वार रविवार.

"काकू, जाळी सोमवारची ना?"

"हाव. सोमवारीच लावली." इंदूबाई पदराला हात पुसत आल्या. "पन पानी चालू होतं. खनात चिमूटभर पडलं. मंगळवारी बी तसंच. मंग म्या ठेवली तशीच, डबा भरेपर्यंत."

"दर आठवड्याला?"

"पानी लागल्यापासून. काहून वं?"

उमेराने हातातली चौकट परत पेटीत ठेवली. इंदूबाईंनाच बोलल्याशिवाय राहवेना.

"तू एवढी यवतमाळवरून येतं, चांगला घासून डबा आनतं. त्यो तुह्या हातात रिकामा कसा देऊ मी? शेजारनीची वाटी बी रिकामी नाई देत आपन, साखर तरी टाकतो."

आता उमेराच्या सगळं ध्यानात आलं. एका दिवसाचा पराग म्हणून तिने जे वजन मांडलं, ते आठवड्याचं होतं. आलेख घसरला नव्हता, कारण काकूंनी त्याला घसरू दिलं नव्हतं. आणि पिल्लांचं खाणं तिच्या अम्मीच्या फ्रीजरमध्ये होतं.

तिने जाळी काढली.

"म्हंजे मीच भुकं मारलं त्यायले," इंदूबाई हळूच म्हणाल्या.

"नाही काकू. डबे भरलेले येत होते, तेव्हा मी विचारायला हवं होतं. मला ते भरलेले बरे वाटत होते."

"आता जातीन का ह्या उडून?" पंजाबरावांनी विचारलं. या वेळी त्यांना टोलनाका आठवला नाही.

"जातील. पराग मिळाला नाही तर."

आभाळ पुन्हा भरून येत होतं. बाहेरून पराग येण्याची आशा नव्हती. बसस्टॉपवर उभं राहून उमेराने मॅडमना फोन लावला. न सांगताही चाललं असतं, हे तिला कळत होतं. आकडे सुंदर होते आणि इंदूबाई कधी अमरावतीला जाणार नव्हत्या.

"मॅडम, श्रावणाचे आकडे चुकलेत."

"किती?"

"सगळेच." तिने जाळीचं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "ठीक. वजनं सोडून दे. माल तर खरा आहे? तो पाठवू तपासायला."

"तो मी माशांना परत घालणार आहे."

"वाचतील याची खात्री आहे?"

"नाही."

"उमेरा, हा माल पुन्हा वर्षभर मिळायचा नाही."

"हो मॅडम."

"स्लाइडपुरता चिमूटभर तरी ठेव," मॅडम म्हणाल्या आणि फोन बंद झाला. त्या रागावल्या की नाही, ते उमेराला समजलं नाही.

घरी तिने एकेक डबा उघडला. गाजरगवताचा पांढुरका, मक्याचा फिकट पिवळा, लाजाळूचा करडा. प्रत्येकातला चिमूटभर पुड्यांत बांधला. उरलेला मिक्सरमध्ये दळून पिठीसाखर आणि मधात घट्ट मळला. अम्मी दारातून बघत होती.

"पुरणपोळी आहे का?"

"माशांची."

"मग माझा फ्रीजर मोकळा झाला," अम्मी म्हणाली आणि साखरेचा डबा पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती गेली. माशा अजून होत्या. तिने कागदावर थापलेली पोळी चौकटींवर ठेवली आणि झाकण लावलं. करण्यासारखं आणखी काही नव्हतं. पुढचे दिवस इंदूबाई सकाळ-संध्याकाळ फोन करून एकच वाक्य सांगत होत्या, "आहेत वं." एकदा पंजाबरावांनीच फोन केला. म्हणाले, "प्रवासी उतरले नाई अजून."

रविवारी उमेराने पेटी उघडली तेव्हा पोळी एका बाजूने कुरतडलेली होती. मधल्या चौकटीत तळहाताएवढ्या जागेत घराघरांतून अंडी उभी होती, सुईच्या टोकासारखी बारीक. ती चौकट तिने जितकी लवकर जमेल तितकी परत ठेवली.

दारावर एक माशी उतरली. दोन्ही पायांवर पांढुरके गोळे. ती थेट आत गेली.

"टोल माफ?" पंजाबराव.

"माफ."

आलेखात श्रावणाच्या खाली तिने काही मांडलं नाही. परिषदेत कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते तिने बसमध्ये दोनदा मनाशी म्हणून पाहिलं होतं. दोन्ही वेळा ते धड जमलं नव्हतं.

निघताना इंदूबाईंनी तिचाच, मागे राहिलेला रिकामा डबा तिच्या हातात दिला, पण तो रिकामा नव्हता. डबा जड होता. उमेराने दचकून झाकण उघडलं.

"भिऊ नको," इंदूबाई म्हणाल्या. "बरबटीच्या शेंगा हायेत, भाजीले. माशाईचं काई नाई त्यात."