ऊन उरलं तरच दळण

नाल्यापलीकडच्या वस्तीवर मोजून तीन घरं, आणि त्यांच्यासाठी आलेले विजेचे खांब एका निवडणुकीपासून आडवे पडलेले. त्यांच्यावर पोरं बसतात, बकऱ्या चढतात. तार काही आली नाही. विचारायला जा, तर साहेब म्हणतो, "प्रस्ताव गेला आहे." कुठं गेला, ते त्याला माहीत नाही आणि प्रस्तावालाही नाही.

सुंदराबाईनं प्रस्तावाची वाट पाहिली नाही. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी तिनं कानातलं मोडलं आणि घराच्या टिनांवर सोलरच्या प्लेटा बसवल्या. घर तिचं, शेत तिचं, आता लाइटही तिचा. वस्तीवर सगळ्यात आधी उजेड पडला तो बौद्धाच्या घरात. ही गोष्ट शेजारच्या महादेवराव पाटलाला इतकी लागली, की दिवाळीच्या आत त्यानंही प्लेटा आणल्या.

पण सुंदराबाईनं एक घोळ केला. प्लेटा बसवणारा पोरगा घाईत होता. जाता जाता म्हणाला, "बाई, बॅटरी जास्त चार्ज झाली तं फुगते." एवढंच सांगून तो गेला. बाईनं ते मनावर घेतलं. लेकराला जास्त पाजलं की ते ओकतं, एवढा अनुभव तिच्याजवळ होताच. मग काय, ऊन चढलं की बाई शिडीवर, आणि प्लेटांवर गोधडी! महादेवराव बांधावरून ओरडायचा, "काहून वं सुंदराबाई, प्लेटायले थंडी वाजून राहिली का?"

हसणाऱ्यालाही खरं माहीत नव्हतं. बॅटरीचं पोट कधी पूर्ण भरलंच नाही, रात्री मात्र ती रोज रिकामी व्हायची. अशी अर्धपोटी राहून राहून ती मेली.

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या दुकानदारानं मग नीट समजावलं. "मावशी, मधात हा डबा हाये ना, बॅटरी भरली की तो आपोआप करंट थांबवते. गोधडी कायले टाकता?"

"मंग उरलेलं ऊन कुठी जाते?"

"जाते कुठी? वायाच जाते."

वाया! अन्नाचा दाणा सांडला तर वेचणारी बाई ती. येताना बसमध्ये तिच्या डोक्यात तेच. दुपार झाली की बॅटरी भरलेली आणि एवढं लखलखीत वऱ्हाडी ऊन घराच्या डोक्यावर नुसतं पडून!

नवी बॅटरी पोरानं घेऊन दिली. धर्मेंद्र नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे, अमरावतीला राजापेठेत खोली करून राहतो. त्यानं बॅटरी जोडली आणि हात पुसत म्हणाला, "माय, हे शेवटची. हे मेली तं मी दुसरी आणत नाही. तू सामान बांधजो आन् चालजो अमरावतीले. अंधारात एकटी राहू देत नाही मी तुले."

पोराचं खोटं नव्हतं. पण ज्या जमिनीवर तिच्या सासऱ्यानं दुसऱ्याचा सालदार म्हणून घाम गाळला आणि नवऱ्यानं तीच जमीन स्वतःच्या नावावर केली, ती सोडून खोलीच्या गॅलरीत बसून खालच्या गाड्या पाहायच्या? ती मेली असती.

म्हणून ती बॅटरीला जीव लावू लागली. आणि उरलेल्या उन्हासाठी तिनं घरगुती चक्की आणली. नियम एकच. दुपारी डब्यावर हिरवा दिवा लागला, म्हणजे बॅटरी भरली, की चक्की सुरू. ढग आला की बंद, मग दळण अर्धं का असेना. पिवळ्या दिव्यावर ती स्वतःचंसुद्धा दळत नसे.

गावातली चक्की नाल्याच्या त्या काठाला, तीही लाइट असला तर. त्यामुळे वस्तीचं दळण सुंदराबाईकडे येऊ लागलं. पाटलाच्या घरचंही. आता स्पष्टच सांगायचं तर पाटलाचा हिशेब असा होता: गहू आपला, ज्वारी आपली, चक्की काय, लोखंड आहे. तिच्याकडचं दळण चाले. तिच्या घरचं पाणी मात्र महादेवरावानं आजवर प्यालेलं नव्हतं. कोणी म्हटलं तर हसून म्हणे, "आत्ताच पिऊन आलो." माणूस गोड. शिवी देणाऱ्याला उलटून शिवी देता येते, या गोड माणसांचं काय करावं?

श्रावणात झड लागली. सूर्य गायब, शेतात चिखल, कापूस पिवळा पडायला लागला. डब्यावरचा दिवा पिवळ्याच्या वर सरकेना. सुंदराबाईनं पंखा बंद केला, एक दिवा ठेवला. धर्मेंद्र सुटीला म्हणून आला होता. सोबत रिकामी मोठी बॅग होती. ती कशासाठी, हे त्यानं सांगितलं नाही आणि मायनं विचारलं नाही. येतो न येतो तोच मागं नाला फुगला.

त्याच नाल्यानं पाटलाकडेही माणसं अडकवली. त्याच्या पोरीला, रागिणीला पाहायला दर्यापूरकडचे पाहुणे आले होते, चांगले जीपभर. सकाळच्या जेवणात घरातलं पीठ संपलं. संध्याकाळी पुन्हा ताटं वाढायची होती. कोठीत पोत्यानं गहू, पण पीठ नाही. पाटलाची बायको गोदाबाई, तिच्या सासूचं जातं होतं, ते पाटलानं कधीच मोरीपुढं पायरी म्हणून गाडलं होतं. त्यांची बॅटरी पाहुण्यांचे मोबाईल आणि टीव्ही यांनी दुपारीच झोपवली.

महादेवराव डोक्यावर पोतं घेऊन आला. "सुंदराबाई, एवढे गहू दळून दे. लवकर."

"नाही जमत भाऊ. दिवा पिवळा हाये."

"अवं, पाचपायलीभर तं हायेत!"

"चक्की चालली की तो लाल होते. झड उघडली नाही तं बॅटरी उठत नाही मंग. एक मारली मी माह्या हातानं."

"तुले काय फुकट मांगून राहिलो का मी? पोरीच्या सोयरिकीचा सवाल हाये!"

धर्मेंद्र मायच्या कानाशी वाकला. "दळून दे ना वं माय. कायले वाकडं घेतं? मोठा माणूस हाये, उद्या कामी पडन."

सुंदराबाईनं पोराकडे असं पाहिलं, की तो मागं सरकला.

"मोठा माणूस हाये म्हणून ऊन पडते काय रे? पाटलासाठी येगळा सूर्य हाये?" मग ती महादेवरावाकडे वळली. "भाऊ, रागिणी माह्या अंगाखांद्यावर खेळली. तिचे पाहुणे उपाशी नाही राहत. माह्या घरी पीठ हाये, डबाभर. चांगल्या उन्हात दळलेलं. न्या."

महादेवरावानं डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं. पाऊस टिनांवर वाजत होता. दळण आणि पीठ यांत केवढं अंतर असतं, ते त्या अंगणात उभ्या तिघांनाही कळत होतं.

"पाहुण्यायले काय सांगू?" तो हळूच म्हणाला.

"सांगा, सुंदराबाईच्या घरचं पीठ हाये. चोरीचं नाही."

तो पोतं उचलून तसाच निघून गेला.

"झालं समाधान?" धर्मेंद्र चिडला. "आता वस्तीवर कोणाच्या भरवशावर राहशीन?"

"माह्या. लाइट बी माह्याच भरवशावर हाये ना?"

थोड्या वेळानं पावसासाठी पोत्याचा घोंगता डोक्यावर घेतलेली गोदाबाई चिखल तुडवत आली, दम लागलेली, हातात रिकामी परात. "दे वं सुंदरा. त्यायले राहू दे तिकडे तोंड पाडून. तीस वर्सं झाली शेजाराले, आन् अजून पिठाले जात पुसतात. पोळ्या तं मलेच लाटा लागतात ना?"

"पाहुण्यायनं विचारलं तं?"

"तुह्यं नाव सांगीन. त्यायले नाही चाललं तं पोरगी मी बी देत नाही तसल्या घरी."

सुंदराबाईनं परात शिगोशीग भरली, वरून तुरीच्या डाळीचं गाडगंही दिलं. गोदाबाई गेली तेव्हा सुंदराबाईची मान नेहमीपेक्षा ताठ होती आणि डोळे ओले होते. एक दिवा मात्र रात्रभर जळला, आणि सकाळीही डबा पिवळाच होता. लाल झाला नाही.

दुसऱ्या दिवशीही ऊन नाही. तिसऱ्या दिवशी आभाळ फाटलं आणि असं ऊन पडलं, की भिंती वाफाळल्या. नाला उतरला. पाहुणे हातपाय धुऊन, सोयरीक पक्की करून गेले. धर्मेंद्रनं बॅग गाडीला बांधली. रिकामीच.

"माय, निघतो."

"ड्युटी हाये तुही, जा. येतानी चक्कीचा पट्टा घेऊन येजो, जुना घसरून राहिला."

"आणतो," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

दुपारी महादेवराव आला. गडी पाठवला नाही, स्वतः आला, डोक्यावर गव्हाचं पोतं. फाटकाजवळ घुटमळला, मग सरळ येऊन ओट्यावर बसला.

"पाणी पाज वं सुंदराबाई. ऊन लय हाये." गडवा रिकामा करून तोंड पुसत म्हणाला, "कर ना चालू. हिरवा तं झाला."

"आत्ताच झाला. जरा थांबा," सुंदराबाई दिव्यावरची नजर न काढता म्हणाली. "पहिले बॅटरीचं पोट भरू द्या नीट. मंग तुमचं."

पाटील बसून राहिला.